पाठीचं ऑपरेशन : करावं की थांबावं?

(इंदूर येथे मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एका फिजिओथेरपिस्ट भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



हा विषय देताना अध्यक्ष मला म्हणाले, "ताई, कट्ट्यावर दहा जण बसले तर चौघांची कंबर दुखत असते आणि उरलेले सहा जण त्यांना सल्ला देत असतात." त्या सहा जणांत आज सातवी मी. पण आधीच सांगते, मी ऑपरेशन करत नाही, त्यामुळे "करून टाका" म्हणण्यात माझा काही फायदा नाही. ऑपरेशननंतरही लोक व्यायामासाठी माझ्याकडेच येतात, त्यामुळे "मुळीच करू नका" म्हणण्यातही नाही.

आज फक्त एकाच दुखण्याबद्दल बोलू. कंबरेतून किंवा कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत जाणारी कळ. डॉक्टर तिला सायटिका म्हणतात, वैद्य गृध्रसी म्हणतात. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये तिचं वर्णन आहे, म्हणजे हे दुखणं काही स्कूटी आणि कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालेलं नाही.

आपल्याकडे म्हणतात, "मणक्यात गॅप आला." हा शब्द ऐकूनच निम्मे लोक घाबरतात. कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. गादीचं बाहेरचं कडं चिवट, आतला गर मऊ. कड्याला चीर पडली की गर मागे सरकतो आणि नसेच्या मुळाला टेकतो. तिथे दाब येतो, सूज येते आणि कळ पायात जाते. गादी झिजली की मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं. तेव्हा मणक्यांत फट पडून माणूस मधूनच तुटेल, ही भीती मनातून काढून टाका.

सरकलेल्या गादीमुळे पायात कळ जाते आणि तो तुकडा ऑपरेशनने काढता येतो, हे १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी मांडलं. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. ऑपरेशन होऊ शकतं का, हा प्रश्न तेव्हाच सुटला. कोणाचं करावं आणि केव्हा करावं, हा प्रश्न मात्र आजही प्रत्येक रोग्यापुढे नव्याने उभा राहतो.

जिथे थांबायचंच नाही

काही लक्षणं दिसली तर कट्ट्यावर चर्चा करू नका, मुलाच्या फोनची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. लघवी अडकणं किंवा लागलेली न कळणं. शौचावरचा ताबा जाणं. बसण्याची जागा, जांघेचा भाग बधिर होणं. दोन्ही पायांतली शक्ती जाणं. अशा वेळी नसांचा सगळा जुडगाच दबलेला असू शकतो आणि तासातासाने नुकसान होत असतं.

दुसरी गोष्ट, पाऊल लटकणं. चालताना चप्पल पायातून निसटते आणि आपल्याला कळतही नाही. घरी एक तपासणी करता येते. भिंतीला हात धरून आठ-दहा पावलं टाचांवर चाला, मग आठ-दहा पावलं चवड्यांवर. एका पायाला हे जमेनासं झालं तर ती वेदना नाही, ती नसेची अशक्तता आहे. ती वाढत असेल तर सर्जनला लगेच दाखवायचं. पायातल्या कळेबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा पूर्वी झालेला कॅन्सर असेल तरी उशीर करायचा नाही.

एमआरआय काय सांगतो, काय सांगत नाही

यातलं काहीच नाही, पण कळ जात नाही, असे लोक सर्वांत जास्त. ते एमआरआयचं मोठं पाकीट घेऊन येतात आणि बसायच्या आधीच विचारतात, "ताई, रिपोर्ट फार वाईट आहे का?"

कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून जास्त माणसं होती. वीस वर्षांच्या निरोगी लोकांतही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. आणि या कोणालाही दुखत नव्हतं! आपले केस पांढरे होतात, तशाच गाद्याही पिकतात.

म्हणून रिपोर्टमधल्या शब्दांवरून ऑपरेशन ठरत नाही. कळ पायात ज्या वाटेने जाते, जिथे बधिरपणा आहे, जो स्नायू कमजोर आहे, त्याच नसेवर एमआरआयमध्ये दाब दिसतो का, हे जुळावं लागतं. जुळलं तर ऑपरेशनला अर्थ आहे. नाही जुळलं तर फोटोतली चूक दुरुस्त होईल आणि पाय तसाच दुखत राहील.

थांबणं हाही उपचार आहे, पण त्याला तारीख हवी

गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे मोठा, सुटलेला तुकडा पुष्कळदा जास्त आटतो. म्हणून बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते.

नेदरलँड्समधला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ सोसलेले २८३ रोगी घेतले. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन करायचं ठरवलं, अर्ध्यांना औषध-व्यायाम देऊन थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के लोक म्हणाले, आम्ही बरे झालो. म्हणजे त्या टप्प्यावर ऑपरेशन मुख्यतः वेळ वाचवतं. ज्याची रोजी हातावर आहे, ज्याला रात्र रात्र झोप नाही, त्याच्यासाठी तो वेळही लहान नाही.

आता याची दुसरी बाजू. कॅनडातला एक अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात चार महिने ते एक वर्ष कळ सोसणारे १२८ रोगी होते. सहा महिन्यांनी पायाची वेदना ० ते १० या मापावर ऑपरेशनवाल्यांची सरासरी २.८ आणि व्यायाम, औषधं, इंजेक्शनवाल्यांची ५.२. म्हणजे चार महिने उलटूनही कळ तशीच असेल, तर "अजून थोडं बघू" याचा फायदा कमी होत जातो.

इथे आपल्या घरांची अडचण येते. आपण म्हणतो, "गौरी-गणपती होऊ देत." मग "नवरात्र होऊ दे." मग दिवाळी, मग नातवाची मुंज, मग मुलगी बाळंतपणाला येणार. असं करत दीड वर्ष जातं. याला मी थांबणं म्हणत नाही, हे टाळणं झालं. आणि टाळण्यात सर्वांत पुढे असते घरातली बाई. तिची कळ घरात कोणी मोजतच नाही, कारण तिचा स्वयंपाक चालू असतो.

म्हणून माझं सांगणं असं की थांबायचं असेल तर कालनिर्णयवर तारीख लिहून थांबा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहा : किती मिनिटं सलग बसता आलं, किती चालता आलं, रात्री कळेने किती वेळा जाग आली, टाचा-चवड्यांवर चालणं जमलं का. सहा आठवड्यांनी आकडे सुधारत असतील तर खुशाल थांबा. तीन-चार महिन्यांनी जिथल्या तिथे असतील तर सर्जनकडे जाऊन बसा. हे आकडे डॉक्टरलाही "फार दुखतं हो" यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतात.

या काळात पलंग धरून पडू नका. दोन-तीन दिवस विश्रांती ठीक, नंतर सोसेल तेवढं, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा चाला. पट्टा प्रवासापुरता बांधा. कळ पायात असताना कोणाला कंबरेवर पाय देऊ देऊ नका, झटका देऊन "नस बसवून" घेऊ नका. मणक्यातल्या स्टिरॉइड इंजेक्शनने काही आठवडे आराम पडू शकतो, पण मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. नसेच्या गोळ्यांनी गरगरत असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने एकदम बंद करू नका.

साठीनंतरचं दुखणं थोडं निराळं

आपल्यातल्या अनेकांना गादीपेक्षा नसांची वाट अरुंद होण्याचा त्रास असतो. बसलं की काही नाही, पण चालायला लागलं की पाय भरून येतात. अनंत चतुर्दशीला झांकी बघायला उभे राहिले की दहा मिनिटांत ओटा शोधतात. कठड्यावर वाकून उभं राहिलं की बरं वाटतं, सायकल चालवताना त्रास होत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पाय भरतात, म्हणून पायाची नाडी आधी तपासून घ्यावी.

इथे घाई क्वचितच असते. चालणं घरापुरतं उरलं तर ऑपरेशनने चांगला फरक पडू शकतो. तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : नुसती वाट मोकळी करणार, की स्क्रू-पट्टीही टाकणार? स्वीडनमध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ रोग्यांवर अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी नुसती वाट मोकळी केलेले आणि वर स्क्रूही टाकलेले यांच्यात फरक दिसला नाही. काहींना स्क्रू खरोखर लागतात, मणका अस्थिर असतो. पण मग "माझ्या बाबतीत का?" याचं उत्तर मिळायला हवं.

ऑपरेशनकडून काय मागायचं

सरकलेली गादी काढण्याचं ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं. जुनी कंबरदुखी त्याने जाईलच असं नाही. ज्यांची कळ पायात जास्त आणि कंबरेत कमी, ते सहसा समाधानी असतात. ज्यांची फक्त कंबर दुखते, त्यांची निराशा होण्याचा संभव मोठा. कळ अनेकदा लगेच उतरते, बधिरपणा महिनोन्महिने रेंगाळतो आणि कधी थोडा राहूनही जातो.

"पाठीचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा पडतो," ही भीती अजून घराघरांत आहे. या ऑपरेशनमध्ये ते फार क्वचित घडतं. बहुतेक रोगी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतात. धोके आहेत : जंतुसंसर्ग, नसेवरचं आवरण फाटणं, भूल, आणि तीच गादी पुन्हा सरकणं. ते सर्जनच्या तोंडून स्पष्ट ऐका. तंबाखू सोडणं आणि साखर आटोक्यात आणणं, हे ऑपरेशनच्या आधीचं आपलं काम.

सर्जनकडे जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. माझी कळ आणि एमआरआय जुळतात का? आणखी दोन महिने थांबलो तर काय बिघडू शकतं? नक्की काय काढणार, काय बसवणार? माझ्या वयात, माझ्या साखरेसह धोका किती? बरं झालं म्हणजे मी काय करू शकेन? उत्तरं मोकळेपणाने मिळाली नाहीत, तर दुसरं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. पॉलिसीही वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींत मणक्याच्या आजाराला सुरुवातीची दोन वर्षं संरक्षण नसतं.

आणि घरात बसून बोला. आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला, त्याहून लांब. ती फोनवर म्हणतात, "आई, करून टाक," किंवा "बाबा, मुळीच नको." दोन्ही काळजीपोटीच. पण पहिले पंधरा दिवस सोबत कोण राहणार, जुन्या वाड्याचा जिना कसा चढणार, दुखणाऱ्याला नक्की काय परत हवं आहे, हे आधी ठरू दे.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंना मी विचारलं, "तुम्हाला काय परत हवंय?" त्या म्हणाल्या, "देवासमोर दहा मिनिटं बसता आलं पाहिजे." पाच महिने त्यांच्या कालनिर्णयवर तो आकडा दोन मिनिटांच्या वर गेला नव्हता. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. दुसरे एक काका, त्यांना रोज सकाळी बागेत फिरायला जायचं होतं. त्यांचा आकडा दर आठवड्याला वाढत होता, ते थांबले आणि बरे झाले. दोघांचे एमआरआय जवळजवळ सारखे होते. दोघांचेही निर्णय बरोबर होते, कारण ते आपापल्या पायाकडे आणि आकड्यांकडे बघून घेतलेले होते.

तेव्हा आज घरी गेल्यावर ज्यांची कळ चालू आहे त्यांनी भिंत धरून टाचांवर चालून बघा आणि कॅलेंडरवर पहिला आकडा लिहा. घरात जी बोलत नाही, तिलाही चालायला लावा.

 गणपती बाप्पा मोरया!