'निम्मी सोडली' म्हणजे सोडली नव्हे

(१९८६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडी काटछाट करून स्मरणिकेसाठी दिले आहे.)



संयोजकांचा फोन आला, "तू सिगारेट कशी सोडलीस ते सांग, पंधरा मिनिटं." मी म्हटलं, अरे, मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं हिशेब लिहितोय. त्यावर तो म्हणाला, "डॉक्टरांचं आम्ही कुठं ऐकतो? म्हणून तर तुला उभं करतोय." तेव्हा चुकलं-माकलं तर दोष संयोजकांचा.

सुरुवात साताऱ्यातच झाली. दहावीची पूर्वपरीक्षा संपली त्या दुपारी आम्ही दोघं अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर बसून पहिली विडी ओढली. मी आणि माझ्या बाकावरचा सोबती, आपल्या कबड्डी संघाचा कप्तान. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याची परवानगी घेऊनच बोलतोय, नाहीतर मला अजून त्याच्या पकडीची भीती वाटते. विडी आणायला कुणाकडं जायची गरज नव्हती. वडिलांसाठी कट्टा आणायला मलाच दुकानात पाठवायचे. दुकानदारानं कधी विचारलं नाही, आणि कट्ट्यातली एक कमी झालेली वडिलांनी कधी मोजली नाही.

आपला भागच तसा. निपाणीचा तंबाखू काही आपल्यापासून लांब नाही. १९८१ साली आपण पाचवी-सहावीत असताना शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता. गोळीबारात १२ शेतकरी गेले. घरात मोठी माणसं त्यावर बोलत होती, तेही विडी ओढत ओढतच. तंबाखू म्हणजे कुणाची भाकरी आणि कुणाचा दम, दोन्ही. त्यामुळं शेतकऱ्याला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला दोष द्यायला मी उभा नाही. मी माझी गोष्ट सांगतोय.

विडीवरून मी सिगारेटवर आलो आणि हळूहळू दिवसाला वीसवर पोचलो. दर पाडव्याला सोडायचो, चैत्र संपायच्या आत धरायचो. मग २०१८च्या दिवाळीत आमचा मुलगा इंग्लंडहून आला आणि त्यानं माझ्या हातात एक ई-सिगारेट ठेवली. म्हणाला, "बाबा, तिकडं सिगारेट सोडायला हे वापरतात."

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आत एक बॅटरी, एक तारेचं वेटोळं आणि एक द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटिन. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती आपण ओढतो. काही जळत नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नसल्यातच जमा. सिगारेटनं जे नुकसान होतं त्यातलं बहुतेक जळण्यामुळं होतं. निकोटिन मात्र आपल्याला सोडत नाही. हे यंत्र होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञानं २००३च्या सुमारास काढलं. तो स्वतः सिगारेट ओढायचा.

मला ते आवडलं. महिन्याभरात वीसच्या सहा झाल्या. सकाळच्या चहाबरोबर एक, दुकान उघडताना एक, जेवणावर एक, अशा सहा. बाकी वेळ वाफ. २०१९च्या मे महिन्यात आपण काही जण साताऱ्यात जमलो होतो, आठवतंय? तिथं मी छाती पुढं काढून सांगितलं, "मी सोडली." सहाची गोष्ट सांगितली नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. कप्तान मला बाजूला घेऊन म्हणाला, "लेका, मलाही एक मागव." मी मुलाला सांगून मागवली.

मित्रांनो, त्या दिवशी मी खोटं बोललो. आज या माइकवर आलो ते मुख्यतः तेवढं कबूल करायला.

पुढं काय झालं ते ऐका. ऑगस्ट २०१९ला सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी, वीज गेलेली, आम्ही सगळे नातेवाइकांच्या गच्चीवर. ई-सिगारेट चार्ज कशी करणार? खिशात पाकीट होतंच. पाणी उतरलं तेव्हा मी पुन्हा वीसवर होतो. दुकानातली भिजलेली हळद आणि वह्या बघून वीसच्या पंचवीस झाल्या.

त्यानंतर सव्वा महिन्यात, १८ सप्टेंबर २०१९ला, केंद्र सरकारनं अध्यादेश काढून देशभर ई-सिगारेटवर बंदी घातली. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्याकडची मी मोडून टाकली. कप्तानानं मात्र कुठूनतरी चोरून द्रव मिळवला. बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना निकोटिनचं प्रमाण. त्याच वेळी अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा एक आजार पसरला होता. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात पोचले, ६८ मेले. मुख्य कारण सापडलं ते चोरट्या बाजारातल्या गांजाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. म्हणजे बाटलीत काय आहे हे माहीत नसणं हाच मोठा धोका.

कप्तानाला फुफ्फुसानं दगा दिला नाही, हृदयानं दिला. जानेवारी २०२०. रात्री अकराला वहिनींचा फोन आला. मी सांगलीहून साताऱ्याला पोचलो तेव्हा अँजिओप्लास्टी होऊन गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "धूम्रपान?" तो म्हणाला, "सोडलंय. फक्त चार विड्या." डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त कागदावर 'चालू' असं लिहिलं. मी शेजारी उभा होतो. 'फक्त चार' हे त्यानं माझ्याकडून शिकलं होतं.

नंतर मी शोधून वाचलं. २०१८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पुष्कळ अभ्यास एकत्र करून मांडले होते. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. आपण हिशेबाची माणसं, आपल्याला वाटतं वीसची एक झाली म्हणजे धोकाही विसावा हिस्सा. हृदयाचा हिशेब तसा चालत नाही. ई-सिगारेट ओढायची आणि बरोबर चार विड्याही, यात हृदयाला फार काही मिळत नाही. मिळालं तर ते विड्या शून्यावर आल्यावरच.

आता प्रश्न येतो, मग ई-सिगारेटचा उपयोग होतो की नाही? खरं ते सांगतो, कारण अर्धवट सांगून एकदा चुकलोय. उपयोग होतो. इंग्लंडमध्ये ८८६ लोकांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. वर्षानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून मुक्त होते, निकोटिनचे च्युइंगगम-पट्ट्या वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. दोन्ही गटांना दर आठवड्याला समुपदेशन होतं. पण त्याच अभ्यासात पुढचंही आहे: सुटलेल्यांपैकी ई-सिगारेट गटातले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते, दुसऱ्या गटात औषध चालू असलेले फक्त ९ टक्के. आणि १८ टक्के सुटले म्हणजे ८२ टक्के सुटले नाहीत, हेही लक्षात घ्या. मी त्या ८२मधला.

इंग्लंडनं २०२३ साली दहा लाख लोकांना ई-सिगारेट देण्याची योजना जाहीर केली. त्याच देशात १ जून २०२५पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर बंदी आली, कारण त्या शाळकरी मुलांच्या हातात पोचल्या. आपल्या सरकारनं बंदी घातली तेव्हाही पोरांचंच कारण दिलं होतं. आपल्यातले काही म्हणतात, "सिगारेट चालू आणि ई-सिगारेट बंद, हा कुठला न्याय?" प्रश्न चुकीचा नाही. त्यावर वाद जरूर घाला, पण तो वाद टपरीवर सिगारेट ओढत घालू नका. इथं ती बेकायदा आहे, चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय आहे हे कळायला मार्ग नाही, म्हणून आपल्यापुरता तो रस्ता बंद. आणि तुमच्या नातवंडांच्या दप्तरात पेनसारखं काही दिसलं, गोड फळाचा वास आला, तर दुर्लक्ष करू नका.

आणखी एक. महाराष्ट्रात २०१६-१७च्या सरकारी पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ होते ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न चुना-तंबाखूची डबी, गुटखा आणि मिश्रीचा आहे. माझ्या आईनं जन्मभर मिश्री लावली. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही, ती 'दात घासत' होती. इथं बसलेल्या मैत्रिणींपैकी कुणी अजून लावत असेल तर हे भाषण तिच्यासाठीही आहे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी पिचकाऱ्या थांबल्यात का ते एसटी स्टँडवर जाऊन बघा.

माझं कसं सुटलं ते सांगतो. पहिला प्रयत्न २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्याच दिवशी लॉकडाउन सुरू झाला. टपऱ्या बंद, म्हणून सुटली. जूनमध्ये टपऱ्या उघडल्या, परत धरली. कुलूप टपरीला होतं, मला नव्हतं. दुसरा प्रयत्न दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२०. या वेळी तीन गोष्टी केल्या.

पहिली, फोन. १८००-११-२३५६. हा नंबर २०१८पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. दोन वर्षं माझ्या खिशात होता, कधी वाचला नव्हता. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही. तारीख ठरवायला लावली आणि नंतर त्यांनीच फोन करून विचारपूस केली.

दुसरी, निकोटिनचं च्युइंगगम. दोन मिलिग्रॅमचं औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, चार मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ते शेंगदाण्यासारखं कडाकडा चावायचं नाही. सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. आणि चहा-कॉफीवर लगेच घ्यायचं नाही, पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. मी पहिले चार दिवस चहाबरोबर घेऊन "हे काही चालत नाही" म्हणत होतो. च्युइंगगमनं भागत नसेल तर डॉक्टरांकडं गोळ्याही आहेत. हृदयाचा किंवा दुसरा आजार असेल त्यांनी आधी डॉक्टरांनाच विचारावं.

तिसरी, हा कप्तान. तो रुग्णालयातून आला तो सोडूनच आला होता. मी त्याला फोनवर सगळं खरं सांगितलं, सहाचंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोज रात्री नऊला फोन कर आणि आकडा सांग." तीन महिने मी रोज नऊला फोन केला. तलफ आली की ती चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात एक ग्लास पाणी पिऊन होतं, दुकानाबाहेर एक फेरी होते. पहिले तीन-चार दिवस फार वाईट. बायकोवर ओरडलो, हिशेबात चुका केल्या. तीन-चार आठवड्यांनी डोकं शांत झालं. आता पाच वर्षं होऊन गेली. आकडा शून्य आहे, आणि या वेळी पूर्ण सांगतोय.

आपण सगळे पंचावन्नच्या आसपास आहोत. "आता सोडून काय उपयोग?" हे बाहेर गेटपाशी मघाशीच ऐकलं. ब्रिटनमध्ये १९५१पासून पन्नास वर्षं डॉक्टरांच्याच आयुष्याचा मागोवा घेतला. जन्मभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाही वाचवली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन. आपण पन्नास आणि साठच्या मध्ये उभे आहोत. तीन ते सहा वर्षं अजून आपल्या हातात आहेत. एखाद्या मुलीचं लग्न, एखाद्या नातवाची पहिली, असे दोन-चार मेळावे त्यात बसतात.

गुरुजनांची मी माफी मागतो. विज्ञानाच्या बाईंनी एकदा आमच्या सदऱ्याला विडीचा वास ओळखला होता. त्यांनी घरी कळवलं नाही. फक्त म्हणाल्या, "खोटं सांगू नका, एवढं करा." त्यांचं म्हणणं पाळायला मला चौतीस वर्षं लागली.

गेटबाहेर जे तिघे होते त्यांची नावं मी घेणार नाही. जेवणानंतर मी आणि कप्तान पारावर बसतोय. या, तारीख ठरवू. रात्री नऊचा फोन आता मी घेईन.