शाळेच्या अंगणातील तेरडा
(केंद्र संमेलनात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी भाद्रपदात माझ्या शाळेतील मुले शेजारच्या डोंगरउतारावरून गौरीसाठी तेरडा घेऊन आली. कोकणातील व घाटाकडील अनेक घरांत तेरड्याची मुळे ही गौरीची पावले मानतात. म्हणून रोप मुळासकट आणावे लागते. तिसरीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, सगळा तेरडा उपटला, तर पुढल्या वर्षी गौर कशी येणार?" "रानात पुष्कळ आहे," असे सांगून मी त्याला गप्प केले. पुढे दोन-तीन वर्षांत तो उतार उजाड होत गेला, तेव्हा त्या उत्तराची मला लाज वाटली.

तेरडा एकाच पावसाळ्याचा सोबती. त्याचे पुढचे आयुष्य केवळ बियांत असते. बी धरण्यापूर्वी रोप उपटले, की वंश तिथेच खुंटतो. म्हणून आम्ही शाळेतच तेरडा लावण्याचे ठरविले.

पहिल्या वर्षी मी चुकलो. वालाच्या शेंगांप्रमाणे फळे वाळण्याची वाट पाहिली आणि हाती रिकाम्या सालीच आल्या. तेरड्याचे फळ पिकताच स्पर्शाने फुटते. त्याच्या पाच पाकळ्या गुंडाळल्या जातात आणि बी दूर उडते. या उतावळेपणामुळेच वनस्पतिशास्त्रात त्याला 'इम्पेशन्स' म्हणजे अधीर हे नाव मिळाले. तेव्हा फळ फुगून फिकट झाले, की ते अलगद मुठीत घेऊन दाबावे. तपकिरी बी पक्के समजावे. ते सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे आणि पुडीवर तारीख लिहावी.

मृगाचा पाऊस स्थिरावला, की उताराची, पाणी न साचणारी जागा निवडावी. बी विरळ पेरून वर बोटाच्या पेराच्या चौथ्या हिश्शाइतकीच माती पसरावी. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात अंकुर दिसतात. रोपे चार पानांची झाली, की वीतभर अंतर ठेवून विरळणी करावी. मुळाशी पाणी तुंबले, तर रसाळ खोड कुजते. दोन-अडीच महिन्यांत फुले येतात.

वर्गासाठी यात मोठा पाठ आहे. फुलामागील बारीक नळीत मध असतो, तो मुलांना दाखवावा. फुलात आधी पुंकेसरांची टोपी असते. ती गळाल्यावरच स्त्रीकेसराचे टोक उघडे पडते. रोज सकाळी एकच फूल पाहून ही नोंद मुले स्वतः करू शकतात. पुस्तकातील चित्रापेक्षा ती नोंद अधिक काळ टिकते.

मात्र दोन नियम पाळावेत. रानातून बी आणताना थोडकेच घ्यावे, बाकीचे तिथेच पडू द्यावे. कास पठारासारख्या संरक्षित जागेतून तर काहीच आणू नये. आणि वाफ्यातील उत्तम दहा रोपे बियांसाठी राखून मगच उरलेली गौरीसाठी द्यावीत.

आता आमच्या गावातील काही घरांत शाळेच्या वाफ्यातील गौर जाते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. रंगाचे ते खरे असेल. पण बी राखले, तर तेरडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मुलांच्या प्रश्नांचेही तसेच आहे. त्या मुलाला मी गप्प केले होते. आपण कोणाला गप्प करू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.