गिल्बर्ट हिल ते कोयना

अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या गराड्यात गिल्बर्ट हिल उभी आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे उभे खांब, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. इथला ज्वालामुखी कधीच थंडावला. भूकंपाचं मात्र तसं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना धरणाच्या परिसरात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, धक्का मुंबईतही जाणवला. या भागातल्या भूकंपांचा धरणाच्या जलाशयाशी असलेला संबंध भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी वर्षानुवर्षं अभ्यासला. पुढे कोयना भागातच, गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअरहोल खोदलं गेलं. आधी सव्वा किलोमीटर बेसाल्ट, मग ग्रॅनाइट! कराडच्या प्रयोगशाळेत त्यावर संशोधन चालतं. भूकंपाआधी खडकात काय घडतं, ते जागेवरच मोजण्याची ही धडपड. तारीख-वेळेसकट भाकीत मात्र जगात अजून कुणालाच जमलेलं नाही.