चिठ्ठी दिल्यानंतरचं काम



स्वागत समितीच्या आणि समस्त संतपूरकरांच्या वतीनं मी या परिषदेत आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. औराद, भालकी, कमलनगरची मंडळी घरचीच. उदगीर-देगलूरहून वेळात वेळ काढून आलेल्या पाहुण्यांचा आम्हाला विशेष आनंद आहे.

आज बोलायचं आहे ते शाळकरी पोरांच्या मनाच्या आजारांबद्दल. मनाच्या आजारावरचे उपचार खेड्यापर्यंत नेता येतात, हे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात दाखवून दिलं. त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. राज्याच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात. २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथं मराठीतही बोलता येतं. सोयी आहेत. तरी पोरं तिथवर पोचत नाहीत, ती का?

समजा, सातवीतली पोरगी महिनाभर गप्प आहे. बाईंच्या ते लक्षात येतं, त्या दवाखान्यात दाखवायला चिठ्ठी देतात. आई चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून पोरीला दवाखान्यात नेते. खिडकीवर मराठी बोलणाऱ्या आईला कन्नडमध्ये विचारणा होते, मागं रांग खोळंबलेली असते. आई सांगून टाकते, "पोट दुखतंय पोरीचं." पोटाच्या गोळ्या घेऊन दोघी दुपारच्या बसनं परत. शाळेला वाटतं, उपचार सुरू झाले. दवाखान्याच्या लेखी पोट दुखत होतं, विषय संपला.

शाळा, घर आणि दवाखाना यांना जोडणारा संपर्क कार्यकर्ता हवा तो इथं. दोन्ही भाषा येणारा. आधी घरी जाऊन 'हे याड नव्हे, बाहेरचं तर नव्हेच' असं समजावणारा, बाईंनी काय पाहिलं ते डॉक्टरांच्या कानावर घालणारा, दुसरी तारीख चुकली तर पुन्हा उंबरठा गाठणारा. शाळेत परत येऊन त्यानं पालकांच्या संमतीनं कामापुरतंच सांगावं: पोरीला पुढं बसवा, परीक्षेला सवलत द्या. बाकीचं गुप्त राखणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंच बंधनकारक आहे. तो चहाच्या वेळी चघळायचा विषय नव्हे.

मात्र हे काम शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नये. त्यासाठी वेगळा माणूस, पगार आणि प्रवासखर्च हवा. शाळांच्या प्रत्येक क्लस्टरला असा एक कार्यकर्ता मिळावा, एवढा ठराव या परिषदेनं करावा, ही स्वागत समितीची विनंती.

आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल, तर आपलं म्हणून सांभाळून घ्यावं.