पाहुणे आपल्या घरी उतरू द्या

मागे मंडपाबाहेर उन्हात बसलेले आईबाप आणि आज बी.पी.एड.ची पदवी घेतलेल्या पोरापोरींनो,

तुमचं अभिनंदन. मघापासून चार वक्त्यांनी ते केलंच आहे, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. प्राचार्यांनी मला ‘क्रीडा क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. संधींबद्दल मला फार माहिती नाही. मी नोकरीभर पीटी मास्तर होतो. इंग्रजीचा पोर्शन मागे पडला की पीटीचा तास जातो, गणिताचा मागे पडला तरी पीटीचाच जातो. प्रभातफेरी, मिरवणूक, उशिरा येणाऱ्या पोरांना गेटवर पकडणं, आमदार साहेबांच्या गाडीला जागा करून देणं, सगळं आपल्याकडं. वर स्टाफरूममध्ये ऐकायचं, ‘तुमचं बरं आहे, दिवसभर हवा खायची.’ एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता वाशीमच्या मैदानावर येऊन एकदा खा म्हणावं ही हवा.

असो. मी शिकलो अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. तिथं आल्या-आल्या बर्लिनची गोष्ट कानावर पडायची. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि कबड्डीसारखे आपले खेळ तिथं करून दाखवले. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला ध्यानचंदच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. ऐकताना आमची छाती फुगायची. पुढं वाचनात आलं की पाहुणे येणार म्हणून नाझी सरकारनं शहरातले ज्यूंविरुद्धचे फलक तेवढ्यापुरते उतरवून ठेवले होते. म्हणजे जगभरच्या पाहुण्यांनी पाहिलं ते झाडूनपुसून मांडलेलं शहर. त्यांच्यातला एखादा चार दिवस कुण्या ज्यू शिंप्याच्या घरी उतरला असता, तर त्यानं गावाकडं वेगळंच पत्र लिहिलं असतं.

नव्वदच्या दशकात मीही पोरं घेऊन जर्मनीला गेलो. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आपण अकोल्यात. जर्मनीतल्या एका क्रीडा क्लबानं बोलावलं होतं. पुरायचा मल्लखांब विमानात नेणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दोरीचा नेला. सोबत मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या मुली होत्या, लेंगी हा बंजारा नाच सादर करायला. मला रजा मिळाली ती बिनपगारी, कारण ‘सहल’ हे रजेचं कारण होत नाही म्हणे!

क्लबानं पोरं घराघरांत वाटून दिली होती. आमच्यासोबतच्या एका साहेबांनी ती यादी पाहिली आणि सांगितलं, आपल्या मुलांना सवय नाही, खाण्याचे हाल होतील. मग पोरं वसतिगृहात एकत्र राहिली. घरून नेलेला चिवडा खाल्ला, टेपवर हिंदी गाणी ऐकली, कार्यक्रम केला, फोटो काढले. परत आल्यावर त्यांना विचारलं, तिकडं कुणाशी ओळख झाली? तर आमचे कारंज्याचे आणि मंगरूळचे एकमेकांचे चांगले दोस्त झाले होते. ते काम मूर्तिजापूरच्या फलाटावरही झालं असतं.

मुलींच्या यादीला मात्र यजमान बायांनी हात लावू दिला नाही. एक मुलगी ज्या घरी उतरली होती तिथं मी रविवारी गेलो. त्या घरच्या आजीनं हिचा फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, मांडीवर घेतला होता. आरसे आणि कवड्यांकडं तिचं लक्षच नव्हतं. चष्मा नाकावर ओढून तिनं घेर उलटा केला आणि मागच्या बाजूनं टाका कसा फिरलाय ते बोटानं चाचपत राहिली. मग उठून आपला विणकामाचा टेबलक्लॉथ आणला आणि तोही उलटा करून हिच्यासमोर ठेवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. घरातली नात ओट्यापाशी हिनं नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकर थापायला बसली होती आणि ती भाकर दर वेळी मधेच फाटत होती. त्या दोघी पोरी पुढं कित्येक वर्षं एकमेकींना पत्रं लिहीत राहिल्या. हिच्या पत्रातलं इंग्रजी मी तपासून द्यायचो, म्हणून मला ठाऊक.

अशाच एका जुन्या यजमान बाईंचं, थिओडोसिया कार्पेंटर यांचं नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आनंदीबाई जोशींचं सगळ्यांना माहीत असतं. त्यांचे पती गोपाळराव यांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या या बाईंनी वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या त्या थेट यांच्या घरी. त्यांना मावशी म्हणायच्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर मंडळींनी पोकीप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. कॉलेजनं पदवी दिली, पण परक्या देशात घर या बाईनं दिलं.

आता आपली बाजू ऐका. दोन वर्षांनी त्या क्लबाची पोरं इकडं येणार म्हणून पत्र आलं. त्यांनी आपली ठेवली, आता आपण त्यांची ठेवायची, इतकी ती साधी गोष्ट होती. एका कार्यालयात फाईल गेली. शौचालय कोणत्या दर्जाचं? पाण्याची तपासणी केली का? आणि शेवटी एक साहेब तोंडावरच म्हणाले, ‘वाशीमला पाहण्यासारखं आहे तरी काय?’ अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं ज्या वराहदेवानं कोरवलं, तो हरिषेण वाकाटकाचा मंत्री. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, पोहरादेवीला देशभरातून येणारा बंजारा समाज, कारंज्याला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. हे मी सांगितलं. साहेबांनी ऐकलंही, आणि पाहुण्यांचं बुकिंग शंभर कोसांवरच्या हॉटेलात केलं. एका दिवशी बसनं ती पोरं वाशीमला आणली. शाल, नारळ, पाच भाषणं, जेवणात पनीर. चार वाजता बस परत. त्या मुलीच्या तांड्यावरच्या घरी आठ दिवस आधी भिंती सारवून ठेवल्या होत्या. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि म्हणाली, ‘सर, पोट्टी काऊन नाई आली?’

हे आठवलं की मी आजही चिडतो. तुमच्यातले बरेच जण शिक्षक होतील, काही प्रशिक्षक होतील. आता बाहेर जाणं सोपं झालंय. पासपोर्ट मिळतो, योजना आहेत, पैसा उभा राहतो. तुम्ही पोरं घेऊन जालच. जा. पण परतीचा पाहुणा ठरल्याशिवाय जाऊ नका. आणि तो पाहुणा आला की त्याला घरी उतरवा. टिनाचं घर असेल तर टिनाच्या घरात. लाइट जाईल, जाऊ द्या. आपण नुसतं जाऊन नाचून-उड्या मारून दाखवून येणार असू, तर आपण तिकडचं एक प्रेक्षणीय स्थळ होतो, दोस्त होत नाही. मी चाळीस पोरांच्या रांगा शिट्टीवर हलवल्या आहेत, पण दोस्ती शिट्टीवर होत नाही. ती पत्रावळीवर शेजारी बसून होते.

अडचणी सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना सांगा, परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडं करावी लागते, आणि आता ती ऑनलाइन होते. तो फॉर्म भरायला शिका. बाकीच्या परवानगीसाठी आज संध्याकाळी घरी गेल्यावर आईला विचारा.