मुक्या सोबत्याचा अखेरचा निरोप
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज अनेक श्रावकांच्या घरी कुत्रा पाळलेला असतो. घरातील मुलांबरोबर तो वाढतो, दाराशी राखण करतो आणि दहा-बारा वर्षांत म्हातारा होतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मागचे पाय साथ देईनासे होतात, मूत्रपिंडे थकतात. मग एके दिवशी पशुवैद्य सांगतात की आता हा बरा होणार नाही. घरच्यांची इच्छा असेल तर इंजेक्शन देऊन त्याला कायमचे झोपवता येईल. त्या रात्री त्या घरात कोणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. एकीकडे अहिंसेचे व्रत आणि दुसरीकडे कण्हणारा मुका जीव. अशा प्रसंगी श्रावकाचे कर्तव्य कोणते, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

मरणासन्न कुत्र्याजवळ कसे बसावे, याचा आदर्श जैन वाङ्मयात फार पूर्वीच सांगितलेला आहे. आचार्य वादीभसिंह यांच्या ‘क्षत्रचूडामणी’ या ग्रंथात जीवंधरकुमाराची कथा येते. यज्ञासाठी ठेवलेल्या अन्नाला तोंड लावले म्हणून काही लोकांनी एका कुत्र्याला मरेपर्यंत मारले. जीवंधराने त्याला वाचविण्याचा प्रयत्न केला. तो वाचत नाही असे दिसताच त्याने त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हटला. त्या कुत्र्याचा जीव सुदर्शन नावाचा यक्षेंद्र झाला आणि उपकार स्मरून पुढे जीवंधराच्या संकटकाळी धावून आला. जीवंधर राजपुत्र होता, तो कुत्रा त्याच्या ओळखीचाही नव्हता. तरीही कुमार त्याच्यापाशी थांबला. मग ज्याने बारा वर्षे घराचा उंबरा राखला, त्याच्यापाशी घरच्यांनी किती थांबावे?

आगमात कुत्र्याला संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच म्हटले आहे. पाच इंद्रियांबरोबर त्याला मनही आहे. तीर्थंकरांच्या समवसरणात बारा कोठ्यांपैकी एक कोठा तिर्यंचांचा असतो. भगवान महावीरांच्या जीवाला सिंहाच्या पर्यायात मुनींचा उपदेश मिळाला आणि तेथून त्याचे कल्याण झाले. म्हणूनच शेवटच्या घटकेला त्या जीवाचे परिणाम शांत राहतील असे वातावरण ठेवणे, ही घरच्यांची जबाबदारी ठरते.

आता इंजेक्शनाविषयी. जैन परंपरेची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. आयुष्य संपण्यापूर्वी बुद्धिपुरस्सर प्राण घेणे ही हिंसाच होय, मग त्यामागचा हेतू दयेचा का असेना. पांजरपोळांची प्रथा याच भूमिकेतून वाढली. काम न देणारे जनावरही तेथे नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळले जाते. मात्र इतके म्हणून श्रावक मोकळा होत नाही. इंजेक्शनाला नकार दिला आणि कुत्र्याला कोपऱ्यात कण्हत ठेवले, तर त्याला अहिंसा म्हणता येणार नाही. जो नकार देतो, त्याने सेवेचा भार उचललाच पाहिजे.

काहींचे म्हणणे असते की वेदना हे त्याच्या कर्माचे फळ आहे, ते त्याला भोगू द्यावे. हा विचार टिकणारा नाही. प्रशम, संवेग, अनुकंपा आणि आस्तिक्य ही सम्यक्त्वाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत अनुकंपेचे स्थान आहेच. दुसऱ्याचे कर्म हे सेवा टाळण्याचे निमित्त ठरले असते, तर औषधदानाला चार दानांत स्थान मिळाले नसते. म्हणून वेदनाशामक औषध अवश्य द्यावे, पण ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच. माणसांसाठीच्या गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, कुत्र्याला विषासमान ठरतात. अंथरूण मऊ व कोरडे असावे. त्याला उठता येत नसेल तर काही तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे अंगाला जखमा होत नाहीत.

अन्नपाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अधिक ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे ते पाच. ‘तो आता जाणारच’ म्हणून घरच्यांनी त्याची दूध-भाकरी बंद करणे हा उघड अतिचार आहे. सल्लेखना हे जाणीवपूर्वक स्वतः घेतलेले व्रत आहे. ते एकाने दुसऱ्यावर लादता येत नाही. परंतु अखेरच्या दिवसांत कुत्रा स्वतःहून अन्नावरून तोंड फिरवतो, तेव्हा जबरदस्तीने भरवू नये. बळेच ओतलेले पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. पाणी जवळ ठेवावे, ओठ ओले करावेत आणि त्याची इच्छा मानावी.

म्हातारा कुत्रा दूरच्या वस्तीत सोडून येणे किंवा रात्री पांजरपोळाच्या फाटकाशी बांधून निघून जाणे, असेही प्रकार घडतात. उपासमारीने वा तहानेने त्रास होईल अशा स्थितीत, योग्य कारणाशिवाय प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा नसता तरी विश्वासाने शेपूट हलवत मागे आलेल्या जीवाला असे टाकणे श्रावकाला शोभले नसते.

अंतसमयी घरात रडारड, ओरडा आणि गर्दी नसावी. त्याच्या ओळखीचा हात अंगावर असावा आणि हलक्या आवाजात णमोकार मंत्र चालावा. लहान मुलांना ‘तो गावी गेला’ असे खोटे सांगू नये. त्यांनाही जवळ बसू द्यावे, मंत्र म्हणू द्यावा. नंतर देहाची व्यवस्था सन्मानाने करावी. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे. गावाकडे स्वतःच्या जागेत खोल पुरण्याची पद्धत आहे.

त्यानंतरचे दिवस जड जातात. फाटक वाजले की नजर आपोआप पायरीकडे वळते. ‘एका कुत्र्यासाठी एवढे काय?’ असे म्हणून कोणी या दुःखाची चेष्टा करू नये. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. छत्रपतींनाही ज्या वियोगाचे स्मारक करावेसे वाटले, त्या वियोगाने सामान्य माणूस रडला तर त्यात लाज कसली? मात्र इष्टवियोगाचा शोक दीर्घकाळ कवटाळून बसणे हे आर्तध्यान होय, असे शास्त्र सांगते. त्यावर उपायही सोपा आहे. त्याच्या नावाने पांजरपोळात चारा द्यावा, उन्हाळ्यात दारापुढे पाण्याचे भांडे भरून ठेवावे, गल्लीतील एखाद्या आजारी कुत्र्याला औषध मिळवून द्यावे.

वेदनेच्या धास्तीने एखाद्या कुटुंबाने वेगळा निर्णय घेतला असेल, तर त्यांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांच्या दुःखात सहभागी व्हावे. आणि ज्यांच्या अंगणात आज एखादा म्हातारा मोती उन्हाला पडलेला आहे, त्यांनी घरी परतल्यावर क्षणभर त्याच्याजवळ बसावे, त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा. निरोपाची तयारी त्याच्या हयातीतच करावयाची असते. सर्व जीवांना साता लाभो, हीच मंगल भावना. जय जिनेंद्र.