कोपरापासून नमस्कार

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

नमस्कार मंडळी! कोपरापासून करायचा होता, पण डावं कोपर ऐकत नाही, त्यामुळे साधाच गोड मानून घ्या.

समितीने विषय दिलाय ‘दुखणं आणि विनोद’. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाला आहे. माझ्या भाषणातून औषध मिळेल असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी समोसे गरम आहेत तोवर तिकडे जायला हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत ऑकलंडच्या घरी आकाशकंदील लावायला शिडीवर चढलो. आता इथली दिवाळी ऐन वसंतात, घड्याळं एक तास पुढे गेलेली, संध्याकाळी साडेसातलासुद्धा लख्ख ऊन. म्हणजे ज्याचा उजेड कोणाला दिसणार नव्हता असा कंदील टांगताना मी पडलो. दवाखान्यात एसीसीचा फॉर्म भरताना ‘अपघात कसा झाला’ या रकान्यात आकाशकंदील म्हणजे काय हे लिहिण्यातच दहा मिनिटं गेली. एसीसी ही मात्र या देशातली मोठी सोय. १९७४ पासून चूक कोणाची हे न विचारता अपघाताच्या उपचाराला हातभार लावतात. पुण्याचा मित्र फोनवर म्हणाला, “चूक तुझीच, आणि पैसे सरकारचे? मग उजवं कोपरही उरकून घ्यायचंस!”

हाड दोन महिन्यांत जुळलं. पण कोपरामागून जाणारी अल्नर नावाची नस दुखावली गेली. दाराला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत वीज चमकते ना, ती हीच. इंग्रजीत त्या जागेला ‘फनी बोन’ म्हणतात. ते हाड नाही, आणि त्यात फनी काय आहे ते मी तीन वर्षं शोधतोय.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सतत तव्याला टेकल्यासारखं वाटतं. शर्टाची बाही नुसती लागली तरी आग होते, म्हणून भर जुलैच्या थंडीतही माझी डावी बाही दुमडलेली असते. आमच्या भाषेत सांगायचं तर घरात चोर नाही, आग नाही, पण अलार्म वाजतोच आहे. बिघाड वायरिंगचा. त्यावर नेहमीच्या पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग होत नाही. मला मुळात फिट्सवर निघालेलं गॅबापेंटिन दिलं. त्याने मीटिंगमध्ये झोप येते. पूर्वी ती औषधाशिवाय यायची, एवढाच फरक. आणि नस भरून यायची म्हटली तरी वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपर ते करंगळी मोजून बघा. डायल-अप मोडेम परवडला.

तर असे विनोद मी पहिलं वर्षभर प्रत्येक पार्टीत केले. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. मग पेन स्पेशालिस्टची वेळ मिळाली. त्यांनी विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? मी म्हटलं, “डॉक्टर, मी पुण्याचा. आमच्याकडे दहापैकी दहा कोणालाच देत नाहीत.” ते खूप हसले. मी म्हटलं चार, त्यांनी लिहिलं चार.

परतताना गाडीत बायको गप्प. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, “काल रात्री तीन वाजता बाथरूमचं दार लावून बसला होतास. तेपण चारच होतं का?”

मला उत्तर सुचलं नाही. विनोदही सुचला नाही. ती म्हणाली, “तू हसवायला लागलास ना, की मला पुढे काही विचारताच येत नाही.”

मंडळी, ‘हसण्यावारी नेणं’ हा वाक्प्रचार मी शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केला होता. अर्थ त्या सिग्नलला कळला. मी दुखणं हसण्यावारी नेत होतो आणि सोबत बायकोलाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना आठ सांगितलं. त्यांनी औषध बदललं, हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं. आता थोडं सुसह्य आहे. गेलेलं नाही.

विनोद सोडला नाही, पण त्याचं काम बदललं. आता घरात दुखण्याला ‘पाहुणे’ म्हणतात. दिवाळीला आले ते अजून मुक्कामाला आहेत. “पाहुणे चहाला आलेत” म्हणजे चाललंय. “पाहुण्यांना जेवायला पुरणपोळी हवीय” म्हटलं की बायको न बोलता गाडीची किल्ली स्वतःकडे घेते. सहा वर्षांची लेक उजव्या बाजूला येऊन बसते आणि हळूच विचारते, “बाबा, पाहुणे झोपले का?” ‘माझं दुखतंय’ हे मला तिला सांगता आलं नसतं. पाहुण्यांचं सांगता येतं.

या हसण्याला शास्त्राचा आधार थोडा आहे, थोडा नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये प्रयोग छापले. विनोदी फिती बघून खळखळून हसल्यावर लोक वेदना जास्त सोसू शकले, आणि एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस जास्त हसतो. पण ती निरोगी माणसं, आणि वेदना काही क्षणांची. माझी नस त्या प्रयोगात नव्हती. आपल्या मुंबईत डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा त्यांनी विनोदाशिवायच हसायला सुरुवात केली. खरं सांगतो, ते मला जमलेलं नाही. उगाच हसताना हात वर केला, की पाहुणे जागे होतात.

गेल्या महिन्यात मित्राकडे नॉर्थ शोअरला दहा-बाराजण मिळून पु. लं.ची ‘म्हैस’ ऐकली. सगळ्यांना पाठ, तरी सगळे आधीच हसत होते. अर्धा तास मला हाताची आठवण नव्हती. परतताना हार्बर ब्रिज यायच्या आत पाहुणे हजर. पण तो अर्धा तास मिळाला तो मिळालाच.

यंदा कंदील बायको लावणार आहे. मी शिडी धरणार, उजव्या हाताने. आता चहा आहे. जरूर भेटा, पाठही थोपटा, फक्त उजव्या बाजूने या.